दिगू, तुझं विमान परत आणताना

दिगू, मेल्या, कालपर्यंत मी तुझ्या त्या कॉम्प्युटरमधल्या समुद्रात एकतीस वेळा पडलो. मोजलं मी नाही, तुझ्या बायकोने मोजलं. चाळीस वर्षं तांडेल म्हणून विजयदुर्गाच्या खाडीतून होडी बाहेर काढतोय, खऱ्या पाण्यात कधी पाय घसरून पडलो नाही. आणि तू गेल्यावर, या वयात, रोज दुपारी तुझ्या पडवीत बसून बुडतोय. पडदा काळा होतो, इंग्रजीत काहीतरी लिहून येतं आणि वयनी शांतपणे सांगते, "मेलात, भावजी. परत सुरू करा."

मच्छीमार सोसायटीने मला दोन शब्द लिहायला सांगितलेत. सभेची टिपणं नेहमी मीच लिहितो, म्हणून तुझ्या शोकसभेचं कामही माझ्याच गळ्यात. रविवारी बंदरावर, लिलावाच्या शेडमध्ये वाचायचंय. दिगंबर मनमिळाऊ होता, परोपकारी होता, असं सुरू केलं आणि पान फाडलं. मनमिळाऊ कसला! तुझ्याइतका हट्टी माणूस या किनाऱ्यावर झाला नाही. मेलास तरी हट्ट सोडला नाहीस, म्हणून तर मी हा असा अडकलोय.

दहाव्याला काय झालं ते तुला माहीतच असेल, कारण ते तूच केलंस. पिंड ठेवला, आम्ही सगळे मागे सरकलो, आणि समोरच्या सुरूच्या झाडावर बसलेला एकही कावळा खाली उतरेना. तुझ्या पुतण्याने सांगितलं, काका, दुकान बंद करणार नाही. कावळे ढिम्म. वयनीने हात जोडले, माझी काळजी करू नका म्हणाली. तरी ढिम्म. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले, दर्भाचा कावळा करून उरकूया म्हणाले. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तुझा जवळचा माणूस मी, काय राहिलंय ते मलाच ठाऊक असणार.

आणि ठाऊक होतंच, दिगू. ते ओठांपर्यंत आलं होतं. पण समोर माझ्या होडीवरचे चौघे खलाशी उभे होते, निम्मं बंदर उभं होतं. मी ते गिळलं आणि त्याच्या जागी त्यातल्या त्यात स्वस्त असं काहीतरी कबूल केलं. चिडूनच म्हणालो, "बरा रे बाबा, खेळतंय तुझा ता विमान! एक फेरी पुरी करून, परत आणून जाग्यार ठेवतंय. मगे झाला?"

बोलून तोंड मिटतो न मिटतो तोच कावळा पिंडावर. लोक हसले, वयनी रडली. योगायोग असेल. पण दहाव्याला दिलेला शब्द आपल्याकडे कोणी मोडत नाही, हे तुला माहीत होतं. तू मला पुरतं पकडलंस.

तर मी बाराव्यानंतर तुझ्या पडवीत गेलो. वयनीने त्या मोठ्या पोटाच्या पडद्यावरचं प्लॅस्टिक काढलं. खारट वाऱ्याने आपल्याकडे टाचणीसुद्धा वर्षभर टिकत नाही, आणि तुझा तो डबा तू पंधरा वर्षं कसा जिवंत ठेवलास कोण जाणे. कणकवलीचा कुठलासा कॉम्प्युटर क्लास बंद पडला तेव्हा हे धूड तू दुरुस्तीच्या दुकानासाठी आणलंस. त्यात हा खेळ आधीपासूनच होता. जुन्या लढाईतलं एका पंख्याचं विमान, एक बेट, सभोवार पाणी. बेटावरून उडायचं, शत्रूची विमानं पाडायची, परत येऊन उतरायचं. सांगायला तीन वाक्यं. पहिल्या दिवशी मला जमिनीवरून उडायलाच दीड तास लागला.

का ते ऐक, म्हणजे हसशील. मी जन्मभर सुकाणवाचा दांडा धरलाय. दांडा उजवीकडे ढकलला की होडी डावीकडे वळते, हे मला विचार करून करावं लागत नाही, हात आपोआप करतो. तुझ्या डब्याला जोडलेली ती काठी मात्र जिकडे ढकलावी तिकडेच वळते. डावीकडे झाड दिसलं की माझा हात सवयीने दांडा डावीकडे ढकलणार आणि विमान सरळ झाडात. वयनी पाटावर बसून कोकमं फोडत होती. तिने मानही वर केली नाही.

"भावजी, डावीकडे जावचा तर दांडो डावीकडेच. ही होडी नाय."

"माका म्हायत आसा."

"तुमका आसा, तुमच्या हाताक नाय."

रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण पडवीत डोकावायचा. मासे विकून परत निघालेल्या बायका टोपल्या उतरवून बघत उभ्या राहायच्या. तिसऱ्या दिवसापर्यंत बंदरावर माझी थट्टाच सुरू झाली. "तांडेल, आज किती विमाना बुडयलास?" माझ्या अंगाचा तिळपापड. घरी येऊन बायकोवर राग काढला, तर ती म्हणाली, शब्द तुम्ही दिलात, मी नाही.

आणखी एक गोष्ट. त्या काठीच्या डाव्या बाजूला वेग कमीजास्त करायची छोटी मूठ आहे. तिच्यावर तू सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून गुंडाळून जाड केली आहेस, एका बाजूला फुगीर, एका बाजूला खोलगट. माझा हात त्यावर बसत नाही. दोन बोटं नुसती लोंबकळत राहतात. पट्टी काढून टाकूया, असं पहिल्या दिवशी मी म्हणालो. मग मीच नीट बघितलं आणि हात मागे घेतला. ती मूठ तू तुझ्या तीन बोटांच्या हातासाठी केली होतीस.

किती वर्षं तू मला बोलावत होतास! चहाला बसलो की तेच, गणपतीला भेटलो की तेच. "एक दिवस येवन बस रे वामन्या. तुका जमतला. तू खुणेर येणारो माणूस." मी काय काय बोललो तुला. म्हातारचळ म्हणालो. पोरांचा खेळ म्हणालो. एकदा चार लोकांत विचारलं, "खऱ्या होडयेक भियालंस आणि खोट्या विमानात बसलंस काय रे?" सगळे हसले. तूही हसलास. तुझं ते हसणं गेले वीस दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

मला वाटायचं, तू मुद्दाम बोलावतोस. पडवीत बसवून, तो डावा हात माझ्यासमोर नाचवून, न बोलता मला टोमणा मारायचा असेल. म्हणून मी आलो नाही. खरं कारण हे, बाकी सगळ्या सबबी.

वीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाबद्दल आपण कधी नीट भांडलोसुद्धा नाही, दिगू. भांडलो असतो तर बरं झालं असतं. होडी माझी, सुकाणू माझ्याकडे, मशीन तुझ्याकडे. सकाळपासून जाळ्यात काही नव्हतं, आणि मग दुपारी सुरमईचा थवा लागला. तू मशीनपाशी वाकून आवाज ऐकत होतास, मान वर करून म्हणालास, "वारो फिरलो. वामन्या, फिरया." मी म्हटलं, आणखी एकदा जाळं मारू. थोड्या वेळाने तू परत म्हणालास, "फिरया रे." तेव्हा मी ओरडलो, "तांडेल मी काय तू?" तू पुढे एक शब्द बोलला नाहीस. जाळं ओढायला लागलो तेव्हा लाटा काठावरून आत येत होत्या. होडी कलली, दोर ताणला आणि काठ आणि दोर यांच्यामध्ये तुझा हात. तुझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. जाळं कापून टाकलं आणि आलो. सुरमईसुद्धा मिळाली नाही.

बंदरावर लोकांनी विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, "हात घसारलो तेचो."

एवढंच. तीन शब्द. तू तिथेच होतास, हाताला पंचा गुंडाळून, तोंड पांढरंफटक. तू ऐकलंस, माझ्याकडे बघितलंस आणि काही बोलला नाहीस. त्यानंतर तू होडीवर आला नाहीस. रेडिओ, मिक्सर, पुढे मोबाइल दुरुस्त करायला लागलास, तीन बोटांनी. गावाने ठरवून टाकलं की दिगू जरा वेंधळाच. मी कधी म्हटलं नाही की नव्हता. दहाव्याला सुरूसमोर उभं राहून जे गिळलं ते हेच.

हे इथवर लिहून मी तीन दिवस वही बंद ठेवली होती. हे लिहिलेलं वाचून दाखवायची माझी हिंमत नाही, असं मला वाटलं. मग रोज फक्त तुझ्याकडे येऊन विमान बुडवत बसलो. त्यात निदान कोणाला काही सांगावं लागत नाही.

हात हळूहळू वळला. नीट उडायला जमलं. काठी मागे ओढली की नाक वर, पुढे ढकलली की खाली, हेही उलटंच आहे पण तेही जमलं. काल मी शत्रूचं पहिलं विमान पाडलं. खोटं कशाला बोलू, खुर्चीतून उठून ओरडलो मी. वयनीही हसली, तू गेल्यानंतर पहिल्यांदा. मग दुसरं विमान दिसलं, ढगाच्या कडेला. मी त्याच्यामागे. ते पुढे, मी मागे, बेट कुठल्या कुठे राहिलं. आणि मग पंखा फटफट करून थांबला.

"तेल सपला," वयनी म्हणाली.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा एक पाडलं, पुन्हा दुसऱ्यामागे गेलो, पुन्हा तेल संपलं. संध्याकाळपर्यंत पाच वेळा तेच. प्रत्येक वेळी ठरवत होतो, यंदा वेळेवर फिरायचं. प्रत्येक वेळी समोरचं विमान अगदी एवढ्यावर असायचं, जरासं पुढे गेलो की मिळालंच! पाचव्या वेळी मी काठी टेबलावर आपटली. शिरा पडो तुझ्या खेळार, म्हणालो. कुठल्या गाढवाने हा बनवला, एवढंसं तेल देतात का कोणी?

"आमचे हे म्हणत," वयनी कोकमाची ताटं आत घेता घेता म्हणाली, "ह्यो गेम मारूचो नाय, परत येवचो आसा. येकव पडला नाय तरी चलता. परत इल्याशिवाय फेरी धरणत नाय."

"मगे माका आधी सांगूचा नाय?"

ती दारात थांबली. आवाज चढवला नाही, राग दाखवला नाही.

"तुमका फिराक जमणा नाय, भावजी. तेव्हाय जमाक नाय."

मी चपला घातल्या आणि घरी आलो. जेवलो नाही. तुझ्यावर राग आला, तिच्यावर आला, त्या मुठीवरच्या ट्यूबच्या पट्टीवरसुद्धा आला. असा राग की कोणाचं नाव घ्यावं कळत नाही, आणि शेवटी आपलंच घ्यावं लागतं.

आज दुपारी परत गेलो. वयनीने डबा सुरू करून दिला. उडालो. एक विमान दिसलं, पाडलं नाही, नुसतं चुकवलं. दुसरं दिसलं, ढगाच्या कडेला, नेहमीच्याच जागी. तेलाचा काटा निम्म्यावर होता. दिगू, तुला सांगतो, समोर सुरमई दिसत असताना होडी फिरवायला जेवढं जड जातं तेवढंच जड गेलं. हात शिवशिवत होता. मी तोंडाने मोठ्याने म्हणालो, "फिरया." आणि काठी वळवली. बरोबर बाजूला वळवली.

मग उतरायचं. तिथे आजवर पोचलोच नव्हतो, त्यामुळे कसं उतरतात हेही मला ठाऊक नव्हतं. बेट मोठं होत गेलं, धावपट्टी दोऱ्याएवढी दिसायला लागली, विमान कधी हिकडे तर कधी तिकडे. वयनीही पाट सोडून माझ्या मागे येऊन उभी राहिली. तेव्हा मला दिसलं. धावपट्टीच्या टोकाला एक पांढरा मनोरा आहे आणि त्याच्या बरोबर मागे डोंगराला एक खाच. आपण खाडीत शिरताना काय करतो? किल्ल्याचा बुरूज आणि टेकडीवरचा माड एकावर एक आणतो, ती आपली खूण, आणि ते सुटू न देता आत येतो. डाव्या-उजव्या खडकांकडे बघतसुद्धा नाही. तसं मी मनोरा त्या खाचेत बसवला आणि सोडला नाही. तू खुणेर येणारो माणूस. तू पंधरा वर्षं हेच ओरडत होतास ना रे? मी नीट ऐकलंच नव्हतं.

विमान आपटलं, उडालं, परत आपटलं. एका चाकाचं काहीतरी मोडलं असावं, कारण ते तिरकं होऊन गोल फिरलं आणि थांबलं. पण जमिनीवर थांबलं. पडदा काळा झाला नाही. पंखा फिरत होता, मशीन घुरघुरत होतं, आणि दिगू, तो आवाज! डोळे मिटले असते तर आपलीच जुनी होडी धक्क्याला लागली आहे असं वाटलं असतं. तुला विमानाशी काही देणंघेणं नव्हतं. तुला तुझं मशीन हवं होतं, जे मी तुझ्याकडून घेतलं.

"आता बंद कसा करतत?" मी विचारलं.

"ता माका म्हायत नाय," वयनी म्हणाली. "उतारले की मी चाय ठेवूक जाय. बंद तेच करीत."

आम्ही दोघं तसेच, ते मशीन ऐकत. आणि मग माझ्या तोंडातून निघालं. ठरवून नाही.

"वयनी, दिगूचो हात घसारूक नव्हतो. तेना दोनदा सांगल्यान फिरया म्हणान. मी आयकाक नाय."

"माका म्हायत आसा. त्याच दिवशी हॉस्पिटलात सांगल्यानी माका."

"मगे बंदरार कित्याक बोललो नाय तो? वीस वर्सा लोक तेका वेंधळो म्हणत!"

तिने पदराने डोळे पुसले. "मी विचारलंय. तर म्हणाले, तांडेल आयकणा नाय ह्या एकदा बंदरार पसारला की तेच्या होडयेर खलाशी चढूचो नाय. वामन्याच्या घरात चार तोंडा आसत. माझी दोन बोटा गेली ती गेली." मग म्हणाली, "पण तेंका वाटा, तुमी एक दिवस येवन आपणहून सांगशात. म्हणान बोलवत. गेमचा आपला निमित्त."

ती वळली आणि चहा ठेवायला आत गेली. मी तुझ्या मुठीवर डावा हात ठेवून बसून राहिलो, दोन बोटं बाहेर.

मेल्या, एवढं सांभाळायचं होतं तर एकदा शिव्या तरी द्यायच्या होत्यास. माझ्या घरात चूल पेटत राहिली ती तुझ्या न बोलण्यावर, आणि मी तुला चार लोकांत भित्रा म्हणालो. तुझे उपकार कसे मानायचे तेही मला कळत नाही, कारण त्या आधी तुझ्यावर इतका राग येतो. आता कोणाशी भांडू? पंधरा वर्षं पडवीचं दार उघडं होतं, अंतर शंभर पावलांचं, आणि मी आलो तो तुझा दहावा झाल्यावर.

तर हेच वाचतोय रविवारी, दिगू. मनमिळाऊ आणि परोपकारी असलं काही नाही. समोर माझे चौघे खलाशी बसलेले असतील, त्यांना मी वाचताना तोंडावर सांगेन: दिगंबरचा हात घसरला नव्हता. त्याने फिरायला सांगितलं होतं, तांडेलाने ऐकलं नाही. तो तांडेल मी.

सोमवारी पहाटे होडी काढायची आहे. कोण चढतं, कोण नाही, बघू. जो चढेल त्याला तुझ्या जागेवर, मशीनपाशी बसवेन, आणि तो फिरया म्हणाला की फिरेन.